जनाबाईचा कासोटा

दोन वर्षं खाटेवरून न हललेली बाई ओहोटीच्या चिखलात पालथी सापडली, म्हणजे तिला कुणीतरी उचलून नेलं, हे कोलशेतच्या कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही कळत होतं. कुणी नेलं, यावरही गावाचं एकमत होऊन गेलं होतं. सुनेनं!

फौजदार हरिहर यांनी समाजकल्याण कचेरीत फोन लावला. जनाबाईला लकवा मारल्यापासून तिचं सगळं करण्याबद्दल तिच्या सुनेला, सरस्वतीला, सरकारी पगार मिळत होता. सासू चालू लागली की पगार बंद, असा नियम. तपासणीला येणाऱ्या सुमेधा कर्णिक लगेच निघाल्या.

प्रेत पडवीत ठेवलं होतं. अंगावर हिरवं लुगडं, कासोटा गच्च मारलेला. तपासणीच्या वेळी जनाबाई नेहमी सुनेच्या जुन्या गाऊनमध्ये पडलेली असायची. सुमेधाबाईंनी वाकून पायांचे तळवे पाहिले. कालवांच्या शिंपल्यांनी कापलेले होते आणि भेगांत चिखल बसला होता.

मुलगा नामा कोपऱ्यात रडत होता. कंपनी बंद पडल्यापासून हा गडी बायकोच्या पगारावर पीत होता.

“तू काय पाहिलंस?” हरिहरांनी विचारलं.

“पहाटे हिनं आयला खाटेवरून उचलली, खांद्यावर टाकली न् खाडीकडं गेली. मी पिऊन पडलेलो, उठवलंच नाय.”

“अंगावर काय होतं आईच्या?” सुमेधाबाई मध्येच बोलल्या.

“हेच लुगडं.”

“आणि तुझ्या हाताला हळद कसली?”

“जाळं ओढताना खरचटलं सकाळी.”

सुमेधाबाईंनी वर पाहिलं. घरातलं एकुलतं एक जाळं आढ्याला टांगलेलं होतं, जळमटांनी भरलेलं.

हरिहर सरस्वतीकडे वळले. “तू कुठे होतीस?”

“पाण्याला गेलेली.”

“सासू चालायची का गं?” सुमेधाबाईंनी विचारलं.

सरस्वतीनं मान खाली घातली. हरिहरांनी दोनदा दरडावलं तरी तिनं तोंड उघडलं नाही.

“गप्प बसली म्हणजे कबूलच की. घ्या हिला गाडीत!”

“थांबा साहेब,” सुमेधाबाई म्हणाल्या. “कासोटा पायांमधून घेऊन मागे खोचतात. तो उभं राहूनच मारावा लागतो. आडव्या पडलेल्या, लुळ्या बाईला दुसऱ्या कुणी इतकं चापूनचोपून लुगडं नेसवूच शकत नाही. जनाबाई स्वतः उभी राहिली, स्वतः नेसली. आणि खांद्यावरून नेलेल्या बाईचे तळवे कालवांनी कापतील कसे? ती आपल्या पायांनी खाडीत गेली. मग सुनेनं उचलून नेताना यानं पाहिलं, ते काय पाहिलं? ते जाळं बघा, वर्षभर पाण्याला लागलेलं नाही. त्या हळदीखाली नखांचे ओरखडे असणार.”

हरिहरांनी नामाचा हात धरून हळद पुसली. चार ओरखडे स्पष्ट दिसत होते.

“मला मारायची नव्हती!” नामा ओरडला. “ती बोलली, मी बरी झाली, कालवं काढून माजिवड्याच्या नाक्यावर विकायला बसनार. बघू दे सगल्यांना. मी बोललो, पगार जाईल. ऐकलीच नाय. चिखलात ओढाओढ झाली, ती बोंबलायला लागली, म्हणून तोंड दाबलं…”

हवालदारांनी त्याला गाडीत घातलं. सकाळपासून सरस्वतीला शिव्या घालणारे शेजारी एकेक करून पसार झाले.

“अगं, चालते म्हणून सांगायचं नाहीस?” सुमेधाबाईंचा आवाज चढला. “आत्ता फासावर गेली असतीस!”

“सांगितलं असतं तर चोर ठरली असती.” सरस्वतीनं पहिल्यांदा वर पाहिलं. “रोज तेल चोळून मीच उभी केली तिला. मग मीच लपवली. आळशी सून मिळाली असती ना बाय, तर म्हातारी खाटेवर असती, पण जिती असती.”

सुमेधाबाईंना आपल्या कचेरीची, त्या नियमाची मनस्वी चीड आली.