अर्ध्याचं अर्धं

सुट्टीतल्या गणिताच्या वर्गाचं दार ढकलून तिसरीची शिक्षिका आत आली आणि थबकलीच. मुलांच्या बुटक्या बाकावर एक उंचच्या उंच माणूस गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता.

"पालकांनी बाहेर थांबायचं असतं," ती म्हणाली.

"पालक नाही हो मी. चौथीचा नवा मास्तर. तुमची ही तिसरीची मुलं आता माझ्याकडे येणार... म्हटलं, काय काय येतं ते बघावं."

"काय येत नाही ते बघायला आलात म्हणा की."

"ते बघायला इतक्या लांब कशाला यायचं? आरसा आहे घरी."

तिने हसू आवरलं, पण गालांनी चुगली केलीच.

तो मग रोज येऊ लागला. मुलांनी त्याचं नाव 'फूटपट्टी' ठेवलं. ती फळ्यावर भागाकार शिकवायची, तो मागे बसून ऐकायचा. तिने वळून पाहिलं की नजर झटकन खिडकीबाहेर... जणू बाहेर फार महत्त्वाचं काही चाललं होतं.

काळजी होती ती एका चिमणीची. भागाकार म्हटला की त्या पोरीची दातखीळ बसायची. "चौथीत झेपणार नाही, तिसरीतच राहू दे," असं तिची आई ठरवूनच बसली होती. शेवटच्या आठवड्यात आई वर्गातही येऊन बसली.

त्या दिवशी फूटपट्टीने चिमणीच्या हातात कागदाची पट्टी दिली. "अर्धी कर."

तिने घडी घातली.

"आता अर्ध्याचं अर्धं."

पाव झाला. मग पावाचं अर्धं, त्याचंही अर्धं... घडी जाड होत गेली, बोटं थकली. कागद दुमडेना, तशी चिमणी थांबली. बराच वेळ हातातल्या घडीकडे बघत राहिली.

"सर, कागद संपला," ती हळूच म्हणाली. "पण अर्धं करणं नाही ना संपत? ते कधीच नाही संपत?"

चिमणीच्या आईने तोंडावर हात धरला. आणि बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. वर्षभर भागाकाराला जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ती एवढीशी पोर न संपणाऱ्या गोष्टीच्या काठावर उभी होती, आणि घाबरली नव्हती.

"नाही संपत, बाळा," तो म्हणाला.

वर्ग सुटला. "चौथीतच जाऊ दे हिला," एवढंच बोलून आई लेकीला घेऊन गेली. खोलीत दोघंच उरली.

"जादू केलीत तुम्ही," ती म्हणाली.

"छे. वर्षभर पाणी तुम्ही घातलंत. मी फूल उमलताना नुसता हजर होतो." तो घुटमळला. "खरं सांगू? पहिल्या दिवशी मुलांसाठीच आलो होतो. नंतर..."

"नंतर?"

"नंतरही मुलांसाठीच जातो, असं घरी सांगत होतो. आईला पटेना."

"मग काय सांगितलंत त्यांना?"

"म्हटलं, आधी बाईंना विचारतो — मग तुला सांगतो."

ती फळा पुसू लागली. पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली,

"सांगून टाका आईंना."