बुधवारचा ताप

“याचा ताप बुधवारीच कसा येते वं?” लिलाबाई रूपासिस्टरच्या कानाशी कुरकुरली. दंडाला बीपीचा पट्टा आवळलेला, म्हातारीला तोंड दुसरीकडं नेता येईना. “आमची कंबर हप्ताभर दुखते. याच्या तापाले बरा वार समजते!”

“बोलू नका, आजी. बीपी वाढतं.”

“माहं काय वाढते माय... ज्याचं वाढाचं त्याचं वाढून राह्यलं.”

रूपानं पट्टा सोडला. बाकाच्या टोकाला प्रसेनजित बसला होता, अंगाभोवती शाल घट्ट ओढून. चाळिशीला टेकलेला आडदांड माणूस. शेलूबाजारला त्याचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. एरवी मोटार एकटा खांद्यावर टाकणारा, बुधवारी मात्र भिंतीला धरून चालायचा.

श्रावणाच्या तोंडाशी आरोग्य उपकेंद्राची पाण्याची मोटार जळाली, तेव्हा तो पहिल्यांदा आला होता. काम आटोपून हात पुसता पुसता त्यानं सहज विचारलं, “सिस्टर, तुमी जेवल्या का?” दुपारचे चार वाजले होते. अकरा वर्षांच्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं. चार गावांची पायपीट, लसी, बाळंतिणी... रूपा नुसती “हो” म्हणाली. डबा टेबलावर तसाच बंद होता, अन् त्यानं तो पाहिला होता.

पुढच्याच बुधवारी त्याला ताप आला. रूपा बुधवारीच दिवसभर केंद्रावर असते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं?

“काय होतंय?” रूपानं आजही विचारलं.

“कणकण वाटते.”

“कुठं?”

“कुठं म्हंजे... सगळीकडंच.”

काखेतून थर्मामीटर निघाला. ताप नव्हताच. रूपानं तो पुसून ठेवला, अन् वहीत लिहिलं — ताप.

तापाचा रुग्ण म्हटला की बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, हा मलेरियाचा नियम. बिचाऱ्याला पहिल्या खेपेला तो माहीत नव्हता. पण मागं हटला नाही. दर बुधवारी नवं बोट पुढं करायचा.

“सात झाली,” रूपा म्हणाली. “आता तीनच उरली.”

“मंग पायाची चालतीन का?”

तिला हसू आलं. थकलेलंच, लांबून चालत आल्यासारखं. बोटावर कापूस धरलेला तिचा हात जरा जास्तच रेंगाळला...

“तुमी झोपत नाई वाटते,” तो हळूच म्हणाला.

“पेशंट तुम्ही आहात की मी? सोमवारपासून चार दिवस रजा आहे माझी.”

“कामरगावले जाता? घरी?”

“कुठंच नाही. नुसतं झोपायचं आहे.”

त्यानं बोटांवर वार मोजले. म्हणजे येता बुधवार कोरडाच जाणार.

तेवढ्यात मलेरिया विभागाचे भाऊसिंगसाहेब भिजत आत शिरले. रेनकोटही न काढता त्यांनी वही उघडली.

“सिस्टर, हा प्रसेनजित कोण? सात हप्ते ताप, अन् आधीच्या सहाही वेळा रक्तात काही नाही? हे मलेरियाचं दिसत नाही, दुसरंच काही तरी पसरतंय गावात. सोमवारपासून घरोघरी तपासणी. लहान-मोठं, सगळ्यांचं रक्त घ्यायचं. तुमची रजा रद्द.”

रूपानं खिडकीबाहेर पाहिलं. साडेतीनशे घरं... या चिखलात.

प्रसेनजित उठला. शाल खाली पडली.

“साहेब, मले ताप नव्हता. म्या सोंग केलं.”

“सोंग? अन् थर्मामीटर?”

“त्याचं असं हाय...” तो घुटमळला. त्यानं रूपाकडं एकदा पाहिलं, अन् ठोकून दिलं, “चहाचा कप काखेत धरून येत होतो म्या. गरम चहाचा.”

“काखेत कप?”

“व्हय.”

बाकावर खसखस पिकली. लिलाबाईनं पदर तोंडात कोंबला.

भाऊसिंग मात्र हसले नाहीत. “सरकारी दवाखान्याची थट्टा लावली? तपासणी राहू द्या, सिस्टर. घ्या तुमची रजा. अन् तू... याच्यापुढं ह्या केंद्राची पायरी चढायची नाही. दिसलास तर पोलिसात देईन.”

त्यानं मान डोलावली, शाल उचलली, अन् दाराकडं निघाला. भिंतीला न धरता, चांगला धडधाकट.

रूपाला नुसतं गप्प राहायचं होतं. नोकरी शाबूत, रजा शाबूत. चार दिवस गाढ झोप... अन् त्यानंतरचे सगळे बुधवार कोरडे.

“थांबा,” ती म्हणाली. “कप-बिप काही नव्हता, साहेब. थर्मामीटर दर वेळी मीच पाह्यला. ताप नव्हता. ताप मी लिवला.”

“तुम्ही? काहून?”

लिलाबाईनं तोंडातला पदर काढला. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. प्रसेनजित दारात वळून उभा राहिला, एक पाय पायरीवर, एक आत.

“तो बुधवारी यावा म्हून,” रूपा म्हणाली. “मले आवडते हा मानूस.”