ओटोची फुंकर

"हवेच्या स्प्रेचा डबा गाडीत गारठला असेल तर आधी घरात ऊब धरू दे त्याला. आणि काही झालं तरी तोंडाने फुंकू नकोस."

वेसने मारितला एवढंच बजावलं होतं. तेही फोनवर, हसत हसत.

"का रे? माझ्या तोंडाला काय झालंय?"

"थुंकी जाते आत. शिवाय लॅपटॉपच्या पंख्याची पाती धरून ठेव. मोकळी भिरभिरली की पंखा कामातून गेला म्हणून समज."

"बरं बरं, गुरुजी," असं म्हणून तिने फोन ठेवला. आणि तेवढ्यात विसरलीसुद्धा.

पुढे जे झालं ते खरं आहे. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला आज त्यावर वाद घालायला वेळ नाही. कॅनडातल्या थंडर बे गावात आम्ही मारितच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. माझी मुलगी तिथेच झाली. बाळंतपणात मला गरम सूप आणून देणारी ती मारित. आता आम्ही कॅलगरीला असतो. तिने मला हे सगळं फोनवर सांगितलं, तुकड्यातुकड्याने, मधेमधे थांबून कानोसा घेत. तिने गाळलेलं वेसने सांगितलं. वेस म्हणजे तिचा दीर.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात.

ही भर दुपारची आहे.

जानेवारी महिना. खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ साचलेलं. मारितचा नवरा एरो उत्तरेकडच्या खाणीत कामाला. पंधरवडा तिकडे, पंधरवडा घरी. तेव्हा तो तिकडे होता. घरात मारित आणि तिचा ओटो, नुकता बसायला लागलेला.

ओटो जन्मला तोच घाईने. पहिले कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होता, नाकाला नळ्या. तेव्हापासून मारितला एक खोडच लागली होती. तो झोपला की ती दर थोड्या वेळाने त्याच्या छातीवर तळहात ठेवायची. वर येतेय ना... खाली जातेय ना...

एरो चिडवायचा, "अगं, पुढे हा श्वास घ्यायला तुझी परवानगी मागेल!"

ती हसायची. पण हात ठेवायची सवय गेली नाही.

डॉक्टरांनी बोललेलं ऐकून टाइप करून द्यायचं, असं तिचं घरबसल्या काम होतं. लॅपटॉप जुना. तापायचा, फणफणायचा आणि ऐन कामात बंद पडायचा. त्या दुपारी तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा तिने तो पालथा घालून स्क्रू काढले.

पंख्यावर धुळीची जाडजूड गोधडी बसली होती.

स्प्रेचा डबा गाडीतच राहिला होता. तिने आणला, दाबला. थंडीने आतली हवा आखडलेली. नुसतं फुस्स झालं.

ऊब धरेपर्यंत कोण थांबणार? संध्याकाळपर्यंत काम द्यायचं होतं.

तिने वाकून फुंकर मारली.

धूळ भुर्रकन उडाली आणि मांडीवरचा ओटो खिदळला. त्याला वाटलं, खेळ आहे. तो त्या दिवसांत ओठ फुर्रर करायला नुकताच शिकला होता. त्याने गाल फुगवले, पुढे झुकला आणि फुंकला.

पंखा फिरला.

"अरे वा! मोठ्ठा मेकॅनिक माझा! अजून एकदा!"

तो पुन्हा फुंकला. लांबलचक. एवढ्याशा जिवात एवढा दम कुठून आला कोण जाणे. पाती गरगर फिरत राहिली. ओटो थांबला, तरी फिरत राहिली. लॅपटॉपची बॅटरी तिने काढून ठेवली होती. वारा नव्हता, वीज नव्हती...

पाती थांबायला फार वेळ लागला.

मारितला तेव्हा काही वाटलं नाही. तिने सगळं जोडलं, स्क्रू आवळले, लॅपटॉप सुरू केला.

आणि आवाज सुरू झाला.

आधीची घरघर नव्हती ती. आधीचा आवाज एकसुरी होता. हा वर चढायचा... क्षणभर थबकायचा... आणि सुस्कारल्यासारखा उतरायचा.

पुन्हा चढायचा.

साफ केल्यावर पंखा वाजायला लागला तर काय करायचं, ते तिने शोधून वाचलं. वायर पात्याला घासत असेल. तिने चालू असतानाच उघडून पाहिलं, नव्हती घासत. एखादा स्क्रू सैल असेल. सगळे घट्ट होते. टेबल हलत असेल. तिने लॅपटॉप जमिनीवर ठेवला, मग उशीवर, मग जाड पुस्तकावर.

आवाज तोच.

आत... बाहेर...

शेवटी कंटाळून ती ओटोला झोपवायला गेली. तो झोपला. सवयीने तिने त्याच्या छातीवर हात ठेवला.

छाती वर आली. बाहेरच्या खोलीत पंखा चढला.

छाती खाली गेली. पंखा उतरला.

योगायोग असेल, ती स्वतःला म्हणाली. हात तसाच ठेवून ती बसून राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. एकदाही चुकलं नाही.

त्या संध्याकाळी तिने कामाची एक मोठी फाइल उघडली. लॅपटॉप तापला, पंखा जोरात पळायला लागला. आणि पाळण्यात ओटो धापा टाकायला लागला. कुत्र्याच्या पिल्लासारखा. केस घामाने ओले.

तिने फाइल बंद केली. पंखा मंदावला.

ओटोही शांत झाला.

तिने हेल्पलाइनवर फोन केला. नर्स खूप समजूतदारपणे बोलली. "बाळांचा श्वास असा कमीजास्त होतो हो. अंग गरम नाही ना? दूध पितो ना? मग काळजी करू नका. तुम्ही स्वतः झोपता की नाही?"

पंख्याबद्दल मारित काही बोलली नाही. कसं बोलणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी एरोचा फोन आला. "आवाज छळतोय तर बंद कर ना तो डबा. नवा घेऊ. तू आणि तुझी भुतं!"

तिलाही पटलं. ओटो पाळण्यात जागाच होता, पायाचा अंगठा चोखत होता. तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं.

आवाज थांबला.

काय हलकं वाटलं तिला! किटलीतलं पाणी उकळतंय, छपरावरून बर्फ सरकतंय... कालपासून न ऐकलेले सगळे आवाज परत आले. तिने कपात कॉफी ओतली.

मग तिच्या लक्षात आलं, एक आवाज परत आला नव्हता.

ओटोचा.

ती धावली. अंगठा तोंडातून गळून पडला होता. डोळे उघडे होते. ओठांना निळी झाक चढली होती. छातीवर हात ठेवला...

काही नाही.

तिने त्याला उचललं, पाठ थोपटली, ओरडली. फोन टेबलावर होता. एका हाताने तो ओढताना लॅपटॉपला धक्का लागला आणि झाकण उचकटलं.

पंख्याने खोल, मोठी खर्रर्र केली.

आणि तिच्या खांद्यावर ओटोने टाहो फोडला.

इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. "रडता रडता कधी कधी बाळं श्वास धरून ठेवतात," डॉक्टर म्हणाले. तो रडत नव्हता, हे तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं. घरी लॅपटॉप चालू ठेवूनच ती आली होती.

मारितने फोनवर त्या आवाजाचं सांगितलं होतं, म्हणून शनिवारी वेस आला. हातात पर्शियनचा डबा. पर्शियन म्हणजे तिथे मिळणारे गुलाबी आयसिंगचे गोल बन. दारातच बूट झटकत तो सुरू झाला.

"कुठाय तो झपाटलेला पंखा? पुजारी आलाय!"

"वेस, मस्करी नको."

"बाईसाहेब, फुंकलं होतंत ना? खरं सांगा."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि डबा ठेवला.

"बरं. बघू दे."

त्याने लॅपटॉप चालू ठेवूनच कडेवर उभा केला आणि मागचं झाकण काढलं. वेस बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करतो. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष सांगतो. त्याने कान जवळ नेला. बराच वेळ ऐकलं.

"बेअरिंग गेल्यासारखं वाटतंय. पण बेअरिंग असं वाजत नाही." खिशातून त्याने दातकोरणी काढली. "पातं क्षणभर थांबवून बघतो. आवाज बंद झाला तर दोष पंख्याचाच."

"नको!"

ती असं किंचाळेल, हे त्याला अपेक्षित नव्हतं. पण हात पुढे गेला होता.

दातकोरणी पात्यात अडकली. पंखा थांबला.

सतरंजीवर ओटो ठोकळे आपटत बसला होता. त्याचा हात हवेतच राहिला. तोंड उघडं. वेसकडे बघत होता तो, टक लावून. हळूहळू एका बाजूला कलायला लागला...

वेसने दातकोरणी ओढली. ती आत मोडली. त्याने बोट घातलं. पातं सुटलं, त्याचं बोट कापलं, सतरंजीवर रक्त सांडलं.

ओटोने श्वास घेतला.

मारितने त्याला उचलून घेतलं. मग वेस स्क्रू लावायला लागला.

"एरोला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तो हसतो."

"मी सांगतो."

वेसने सांगितलं तेव्हा एरो हसला नाही.

या सगळ्याला आता वर्ष होत आलंय. ओटो चालायला लागलाय, "आई" म्हणतो, लबाडी करतो. त्याला अंगणाच्या पलीकडे कुठे नेत नाहीत, एवढंच. मारितने काम सोडलं. तो लॅपटॉप बैठकीत एका स्टुलावर असतो, कायम चालू, वायर भिंतीत. त्यावर कोणी काही करत नाही.

वेसने पहिल्या आठवड्यातच नवा पंखा मागवला. तो कपाटात पडून आहे, वेष्टनातच. नवा बसवायचा तर जुना थांबवावा लागेल. थांबवणार कोण?

आणि जुना झिजतोय.

ते पहिल्यांदा मारितनेच सांगितलं मला, गेल्या महिन्यात. आवाज वाढलाय म्हणाली. आधी फक्त चढउतार होता. आता खाली येताना मधेच कुठेतरी खुटतो. तसा खुटला की ओटो खेळता खेळता थांबतो, आणि काहीतरी आठवत असल्यासारखा भिंतीकडे बघतो.

"तुला ऐकू येतंय?" ती म्हणाली आणि फोन पंख्याजवळ नेला.

आत... खट्... बाहेर...

माझी मुलगी शेजारी झोपली होती. मी नकळत तिच्या छातीवर हात ठेवला.

काल दुपारपासून थंडर बेला बर्फाचं वादळ आहे. मारितच्या भागातली वीज गेलीय. तिचा पहिला मेसेज आला: "बॅटरीवर चाललाय. एरोचं विमान रद्द झालं. वेस निघालाय, पण रस्ता बंद आहे." मी लिहिलं, गाडीत ने, गाडी चालू कर, तिथे चार्जिंगला लाव. तिचं उत्तर आलं: "दार उघडत नाहीये. बाहेर बर्फ चढलंय. खिडकीतून बघते."

त्यानंतर एकच: "खुटतोय."

मग काही नाही.

मी तिथल्या पोलिसांना कळवलं. वाट मोकळी झाली की जातो म्हणाले. वेस हमरस्त्यावर अडकलाय. तोही दर थोड्या वेळाने मलाच विचारतो, काही कळलं का. मारितचा फोन वाजतो, कोणी उचलत नाही. आज सकाळी एकदा उचलला गेला. मी "मारित, मारित" करत राहिले. पलीकडून शब्द आला नाही. फक्त...

आत. बाहेर.

तो पंखा होता, की ओटो, की मारित स्वतः, मला कळलं नाही. मधेच फोन बंद झाला.

हे वाचणारं कोणी थंडर बेला असेल, कोणाची बहीण, कोणाचा मित्र, तर कृपा करून जा. मला निरोप पाठवा, मी पत्ता देते. चढावरचं हिरवं घर आहे, खाली मारित राहते. फावडं घेऊन जा. दार वाजवा आणि गप्प राहून ऐका.

आतून खरखर ऐकू आली तर घाबरू नका.

नाही आली, तर थांबू नका. दार फोडा.