नब्बन पाथरवटाची खूण

शेकोटी जरा सारखी करा रे, आणि ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या. आपल्या सिक्रीतल्या नब्बन पाथरवटाची ही गोष्ट. त्याने ती कधी तिखटमीठ लावून सांगितली नाही, मग आपण तरी कशाला लावा?

जानेवारीची बारा तारीख, शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा. खिशात नानखटाईची पुडी, खांद्यावर घण, असा नब्बन टेकडी चढत होता. वरच्या जुन्या भिंतीची डागडुजी चालली होती. तिथली एक लाल दगडाची जाळी त्याला फोडायची होती.

जाळी धडधाकट होती, तीच तर अडचण. ठेकेदार लवानिया संध्याकाळीच म्हणाला होता, "फुटली तर नवी बसवायचं काम आपल्याला. सकाळी पाहणीला साहेब यायच्या आत उडव."

"ती अजून चारशे वर्षं हलत नाही, लवानियाजी."

"मग तू हल. तू आणि तुझी अकरा माणसं. पाथरवट पैशाला पासरी मिळतात."

अकरा चुली! 'बरं' म्हणून नब्बन निघाला. घरी शकीला पाट्यावर मिरच्या वाटत होती, ती कडाडली, "घडवणाऱ्या हातांनी फोडणार? लाज नाही वाटत?" आणि नवऱ्याच्या छिन्न्या पेटीत घालून किल्ली तिने गळ्यात अडकवली.

त्या पाट्याच्या कोपऱ्यात नब्बनच्या घराण्याची खूण होती. बाण, खाली दोन टिंबं. जुने पाथरवट आपापल्या दगडावर अशी खूण कोरायचे. त्या जाळीच्या बाहेरच्या अंगालाही कुणाचा तरी मासा होता. डागडुजीवाल्यांना मात्र बंदी. वीस वर्षं राबून नब्बनची खूण फक्त त्या पाट्यावर.

हात घालण्याआधी पाथरवट दगड वाजवून बघतो. फोडायचा असला तरी सवय जात नाही. जाळीपाशी पोचून नब्बनने खडा घेऊन तीनदा वाजवलं. ठण्. ठण्. ठण्. निरोगी दगड.

पलीकडून उत्तर आलं. ठण्. ठण्. ठण्.

"कोण? चौकीदार?"

...

मग त्याला आठवलं. पलीकडे काहीच नाही. भिंत सरळ खाली जाते. चाळीस हात. आटलेल्या तळ्यात.

पलीकडे छिन्नी चालू झाली. सावकाश. जाळीतून लाल भुकटी त्याच्या पायांवर पडू लागली. कुराणातली आयत ओठांवर येईना. आवाज थांबला... जाळीपाशी कुणीतरी श्वास घेतला.

नब्बन भ्यालाच होता, पण त्याहून जास्त भडकला. "घाबरवता कुणाला? मीपण पाथरवट आहे! नाही फोडत, जा! तुम्हाला भिऊन नव्हे, मलाच फोडायची नाही म्हणून!"

सकाळी लवानिया लालबुंद. नब्बनने घण त्याच्यापुढे धरला. "घ्या, तुम्ही फोडा. साहेबांसमोर." अकराही जण हत्यारं खाली ठेवून त्याच्यामागे उभे राहिले. लवानियाने घणाला हात लावला नाही.

साहेब खाली तळ्यात उतरून दुर्बिणीने भिंत बघत होते. एकदम ओरडले, "ही ताजी खूण कुणाची रे? बंदी ठाऊक नाही?"

भिंतीला ना दोर, ना परांची. माशाच्या शेजारी, कालच कोरल्यासारखा लालभडक, बाण. खाली दोन टिंबं.

"खूण माझीच," नब्बन म्हणाला. "कोरली मी नाही. पुसायची असेल तर चढा."

कुणी चढलं नाही. अजून आहे ती. उद्या उजेडी जाऊन बघा.