तिसऱ्यांदा शवपेटीवरून

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. हे माझ्याच खोलीत, माझ्याच कॉम्प्युटरवर घडलं. जमैकातलं मे पेन गाव. याच मार्चमधला मंगळवार, दुपारचे तीन.

हो, दुपारचे. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना ती भेटलेली नाहीत तेच सांगतात.

मी अंत्यविधीचे व्हिडिओ करतो. हा मिस हायसिंथचा होता. माझी बहीण मार्वा, तिची ही सासू. बाई जन्मभर मार्वाच्या जिवावर उठलेली. चार वर्षांची नात टियाना तिला स्वतःकडे हवी होती. मार्वाने दिली नाही.

शेवटच्या आजारात म्हातारी तोंडावर म्हणाली, "ठेव सांभाळून. जाताना मी घेऊन जाईन."

म्हणून पुरण्याआधी टियानाला शवपेटीवरून इकडून तिकडे नेलं. आमच्याकडे घरातल्या लहान मुलाला तसं नेतातच, म्हणजे मेलेलं माणूस त्याच्या मागे लागत नाही. शेजारच्या मास क्लिफ्टनने अलीकडून उचललं, पलीकडच्याने झेललं.

तीन वेळा. मी स्वतः शूट केलं.

सगळे तुकडे जोडून अखंड व्हिडिओ बनवायला, म्हणजे रेंडरला लावला. एकसष्ट टक्क्यांवर थांबला.

'मेमरी अपुरी.'

बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. तात्पुरत्या फाइलींची कॅश रिकामी केली. जड फाइलींच्या हलक्या प्रती केल्या. इफेक्ट काढून टाकले.

पुन्हा एकसष्ट.

मग व्हिडिओचे तीन भाग पाडले. पहिला झाला, तिसरा झाला. मधला हलेना.

तेवढ्यात टोरांटोहून एरॉलचा फोन. मार्वाचा नवरा, मिस हायसिंथचा मुलगा.

"लेनी, संध्याकाळी माझ्याकडे माणसं जमणार आहेत. कुठंय व्हिडिओ?"

"मशीन अडतंय, एरॉल."

"मशीन अडतंय की तुझी बहीण अडवतेय? आईला जिवंतपणी छळलं, आता निदान दर्शन तरी होऊ दे."

माझं डोकं फिरलं. फोन आपटला आणि हेडफोन लावून मधला भाग पाहायला बसलो.

एकदा नेलं... दोनदा नेलं...

तिसऱ्यांदा टियाना पेटीवर अधांतरी आली आणि...

कॉम्प्युटरचा पंखा थांबला.

हेडफोनमधली भजनं थांबली. बाहेर मघापासून भुंकणारी कुत्रीही गप्प.

आणि अगदी कानाशी... एक बाई म्हणाली, "पुरे."

हेडफोन काढून मागे वळून पाहिलं. मग स्वतःलाच समजावलं, गर्दीतलं कुणीतरी बोललं असेल. आणि खरं सांगू? मलाही तेव्हा पटलं. तेच तेच तीनदा कशाला दाखवायचं?

मी तिसरी फेरी कापली. अकरा सेकंद.

रेंडर चार मिनिटांत झालं. एरवी त्या मशीनला तासभर लागतो.

गुरुवारी मार्वाचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"टियाना ओसरीत उभी राहते. कडेवर घे म्हणून हात वर करते."

"कुणापुढे?"

"कुणी नसतं रे तिथे... लेनी, आपलं चुकलं. दोनदाच नेलं तिला. तिसऱ्यांदा राहूनच गेलं."

"वेड लागलंय का तुला? तीनदा नेलं. माझ्याकडे आहे."

कॅमेऱ्यातली मूळ फाइल उघडली. तिला मी बोटही लावलं नव्हतं.

एकदा... दोनदा...

फाइल तिथेच संपत होती.

तसाच धावत मास क्लिफ्टनकडे गेलो. तो माझ्यावरच खेकसला. "दोनदाच नेलं! तिसऱ्यांदा उचलायला वाकलो, तर कॅमेऱ्यामागून तूच म्हणालास, पुरे. आता माझ्याकडे काय मागतोस?"

मी म्हणालो नव्हतो. देवाशप्पथ, मी म्हणालो नव्हतो.

अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांना दोनच फेऱ्या आठवतात. तिसरी आठवणारा मी एकटाच, आणि कधी कधी वाटतं, मीच खोटं बोलतोय.

काल मार्वाकडे गेलो. क्लिफ्टनने तिला सांगितलं असावं. तिने दार उघडलं नाही.

"चालता हो, लेनी. तुझं तोंड पाहायचं नाही मला."

खिडकीतून डोकावलो. टियाना खोलीच्या मधोमध होती, दोन्ही हात वर करून, हसत. मार्वा जमिनीवर बसून तिची कंबर गच्च धरून होती, आणि सगळं बळ लावून तिला खाली ओढत होती.