टायरभोवतीची रांगोळी

रांगोळीवर कुणाचंच पाऊल उमटलं नव्हतं.

मनस्वीने उकिडवं बसून पुन्हा नीट पाहिलं. आदल्या संध्याकाळी तिने आणि तेजसने हरेशकाकाच्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाभोवती रांगोळीचा हातभर रुंद पट्टा पसरला होता. तो जसाच्या तसा होता. टायर मात्र आजही बसलेला होता.

"म्हणजे ज्ञानूमामांनी हवा काढलीच नाही," तेजस म्हणाला.

"कुणीच नाही काढली."

वॉचमन ज्ञानूमामा निर्दोष ठरले, तपास फत्ते झाला. तरी मनस्वी चाकापासून हलली नाही. कारण पुढचा प्रश्न तिला ठाऊक होता: मग हवा जाते कशी?

सुट्टीत ऐरोलीहून ती करंजाड्याला काकाकडे आली होती. तेजस काकाचा मुलगा, तिच्याच वयाचा. मागच्या आठवड्यात काकाने गाडी गेटपाशी धुतली आणि तो आंघोळीला वर गेला. "आपणच खाली पार्किंगमध्ये लावू या," ही कल्पना मनस्वीची. बसलीही तीच. तेजसने मागून ढकललं, उतारावर गाडी सुटली, तिला ब्रेक सापडला नाही आणि पुढचं चाक धाडकन खांबाच्या कट्ट्यावर आदळलं. दोघांनी गाडी जागेवर उभी केली, चाकाला लागलेली धूळ पुसली आणि एकमेकांकडे न बघता जिना चढले.

दुसऱ्या दिवशी गाडी डुगडुगायला लागली. "हायवेचा खड्डा बाधला," काका म्हणाला. त्या वेळी मनस्वी पोहे खात होती. तिने घास गिळला आणि ती गप्प राहिली.

गॅरेजवाल्या रणजीतने वाकलेलं चाक तापवून सरळ करून दिलं. "अलॉयचं ओतीव चाक आहे, वाकलं की बदलतात खरं, पण नवीन कशाला घालता? खड्ड्याचा मार किरकोळच असतो," तो म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी टायर बसायचा. रणजीतला पंक्चर सापडेना. "कोणतरी मुद्दाम हवा काढतंय," असं सांगून त्याने हात झटकले. काकाला लगेच ज्ञानू आठवला. ज्ञानूमामा साताऱ्याकडचे, नियमाला पक्के. पाहुण्यांच्या जागेत गाडी लावली म्हणून काकाशी त्यांची जुंपली होती. आता आज संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. ज्ञानूमामांना कामावरून काढायचं का, हे ठरणार होतं.

"साबणाचं पाणी आण," मनस्वी तेजसला म्हणाली.

काकूकडून हवेचा पंप आणला. टायर भरून त्यांनी चाकावर फेस चोळला. टायरवर काहीच दिसलं नाही. पण चाकाच्या कडेला, जिथे रंग जरा जास्तच चकचकीत होता, तिथे एक बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला. तेजसने नखाने तो रंग खरवडला. खाली केसाएवढी चीर होती. ट्यूबलेस टायरची हवा तिथूनच रोज निसटत होती.

काकाने चीर पाहिली आणि दोघांना घेऊन तडक गॅरेज गाठलं.

"एवढंच ना? वेल्डिंग मारून देतो," रणजीत म्हणाला. "खड्ड्यानं काय होतंय?"

"रविवारी तेजसच्या मम्मीला घेऊन अलिबागला जायचंय. टिकेल ना?"

"बिनधास्त जा."

काका मान हलवणारच होता. मनस्वीला काकू मागच्या सीटवर बसलेली दिसली, वडखळच्या पुढचा अलिबागचा रस्ता दिसला, सुटलेली गाडी दिसली. ती पुढे झाली.

"काका, खड्डा नव्हता. मी गाडी उतारावरून नेली आणि खांबावर आपटली. खूप जोरात."

"मी ढकलली होती, पप्पा," तेजस पुटपुटला.

काकाने दोघांकडे पाठ फिरवून चीर पुन्हा बोटाने चाचपली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मनस्वी रणजीतकडे वळली. "तुम्हाला चीर दिसली होती ना? म्हणून तेवढ्यावरच नवा रंग लावलात. या चाकावर तुमच्या घरच्यांना बसवाल का?"

रणजीत हातातला पाना पुसत राहिला. "दिसली होती," शेवटी तो म्हणाला. "वाटलं, चालून जाईल. एवढा मार बसला असेल तर नको, हरेशभाय. चाक बदला."

परतताना काका म्हणाला, "मला नाय, आधी ज्ञानूला सांग."

ज्ञानूमामा गेटवर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

"चौघांत मला बदनाम केलं," ते म्हणाले. "आता हितं कोपऱ्यात सांगून काय व्हनार, पोरी? चौघांतच सांग."

संध्याकाळी मीटिंगला सगळी बिल्डिंग जमली. अध्यक्ष सुंदराबाईंनी विषय काढताच मनस्वी उभी राहिली. तिने उतार सांगितला, खांब सांगितला, पोह्यांचा घास गिळून गप्प राहिल्याचंही सांगितलं. मग साबणाच्या पाण्याने चीर कशी सापडली, तेही सांगितलं. तिचं संपल्यावर काका उठला.

"पोरं चुकली ती चुकलीच. पन पुरावा नसताना नाव मी घेतलं. ज्ञानू, माझं चुकलं."

सुंदराबाईंनी वहीतला ज्ञानूमामांचा विषय खोडला. मग त्या म्हणाल्या, "पोरीचं डोकं भारी हाय. साबनाच्या पान्यानं दोन जीव वाचवलं तिनं." कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी.

मनस्वीला त्या टाळ्या नकोशा झाल्या. ती मान खाली घालून तशीच उभी राहिली. तिला फक्त एकाच माणसाचं ऐकायचं होतं.

ज्ञानूमामा मागच्या भिंतीपाशी होते. ते हसले नाहीत. आपलं प्लास्टिकचं स्टूल उचलून ते पुढे आले आणि त्यांनी ते तिच्या मागे ठेवलं.

"पाय कापत्यात तुझं," ते म्हणाले. "बस आता."

आणि ते गेटवर ड्यूटीला निघून गेले.