मागदालेना मातोमची जबानी

गास्पारआजोबांना तुम्ही पाहिलंय का रे पोरांनो? कुठून पाहणार. माझा साडू तो. लढाई थांबल्यावर परदेशी निरीक्षक आले, त्यांच्याकडे तो दुभाष्या होता. लष्कर आणि बंडखोर, दोन्हीकडचे शस्त्रसंधी पाळतात का ते बघायचं आणि गावोगाव कोण कोण मारलं गेलं ते लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम.

सत्त्याण्णव सालची चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. नेबाहच्या वरच्या वाडीत एका म्हातारीची जबानी घ्यायला तो त्यांच्यातल्या उरुग्वेच्या इग्नासियोसाहेबांबरोबर गेला. पोचेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. म्हातारीनं दाराला अडसर घातला, दोघांना चुलीपाशी बसवलं. साहेबांनी कागदावर तिचं नाव लिहिलं, मागदालेना मातोम. ती आपल्या इशिल भाषेत बोले, गास्पार ते स्पॅनिशमध्ये सांगे, साहेब लिहीत. नियम असा, की सगळं तिला वाचून दाखवायचं आणि तिनं बरोबर म्हणून अंगठा दिल्यावरच उठायचं.

वाचून झालं की ती म्हणे, अजून एक नाव राहिलं. की पुन्हा लिहायचं, पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. नऊ वाजून गेले.

"साहेब, तुमच्या कागदाचं पोट काही भरत नाही," गास्पार म्हणाला. "बायको मला आज उपाशी झोपवणार."

मग तिनं मारल्या गेलेल्यांतलं अकरावं नाव सांगितलं.

मागदालेना मातोम.

साहेबांनी लिहिलं. त्यांना वाटलं, त्याच नावाची कुणी नात्यातली असेल. गास्पारनं चुलीकडे हात नेला. जाळ होता. ऊब नव्हती...

तो उठून दाराशी गेला. अडसर हलेना.

"अर्धी जबानी चालत नाही. बस खाली," साहेब म्हणाले.

"अजून एक राहिला." म्हातारीनं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "तुझं नाव काय, लेका?"

त्यानं नाव सांगितलं नाही, की साहेबांना तिचा प्रश्नही सांगितला नाही.

ती वाट बघत राहिली...



साहेबांना तिची भाषा येत नव्हती. त्यांना वाटलं, संपलं. कागदाच्या तळाशी दुभाष्याच्या नावाची ओळ असते. ती त्यांनी भरली. आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचली.

"गास्पार सेतो."

"बरोबर," म्हातारी म्हणाली. तिनं अंगठा दिला. एका बोटानं अडसर काढला.

रात्री अकराला माझ्या अंगणात उभं राहून त्यानं मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, आज इथंच झोप. तो म्हणाला, बायको घरी एकटी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोनं मला बोलावून घेतलं. रात्री गास्पारनं लावलेली कडी तिनंच नुकती आतून काढली होती. गास्पार अंथरुणात नव्हता. त्याच्या जागी, आपण मयताच्या घरी पसरतो तशी, पाइनच्या झाडाची ताजी सुईसारखी पानं पसरलेली होती.